छावणीची जागा

१८२० साली जन्मलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी क्रिमियाच्या युद्धात केलेली शुश्रूषा सर्वश्रुत आहे. आम्ही येथे त्यांचे दुसरे कार्य सांगतो. त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांपैकी दर हजारी सुमारे ६९ जण दरवर्षी मरत. तेही बहुधा तरवारीने नव्हे, रोगाने. बाई आजारी असत व या देशी कधीच आल्या नाहीत. तथापि छावण्यांतून लेखी माहिती मागवून त्यांनी १८६३ साली दाखविले की, सखल जागा, घाण पाणी व निचऱ्याचा अभाव हेच खरे वैरी होत. छावणीस उंच, कोरडी भूमी निवडावी व शेजारचे गावही स्वच्छ करावे, असा त्यांचा आग्रह होता. १८७३ पर्यंत हे प्रमाण १८ वर आले. १९१० साली बाई वारल्या. घराचा पाया घालण्यापूर्वी पाणी कोठे साचते हे पाहावे, एवढे आपण त्यांजपासून शिकावे.