कर्मवीर भाऊराव पाटील : रयतेच्या उच्च शिक्षणाचे शिल्पकार

उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेचा विषय निघाला की मूल्यांकन, श्रेणी आणि अहवाल हेच शब्द आज आपल्या कानी पडतात. सातारा-सांगलीच्या मातीत मात्र एका पुरुषाने हा प्रश्न फार पूर्वी निराळ्या रीतीने हाताळला. पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, तसेच ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांसाठी काम केले. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडताना शेतकऱ्यांचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर होताच.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट देऊन त्याचे नामकरण केले. मुलांच्या पोटाला कमी पडू लागले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले; पण कार्य थांबले नाही.

भाऊरावांच्या नेतृत्वाचे मर्म आम्हांला त्यांच्या कामाच्या क्रमात दिसते. प्रथम वसतिगृह, मग १९३५ साली शिक्षक घडविणारे अध्यापन विद्यालय, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, आणि त्यानंतर, १९४७ साली, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले आणि १९५५ साली साताऱ्यात पदवीधर शिक्षकांसाठी आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय. पाया भरल्यावाचून त्यांनी कळस चढविला नाही. गरिबाच्या मुलासाठी महाविद्यालयाचे दार उघडायचे, तर त्याला तेथवर आणणारा उत्तम शिक्षक आधी हवा, हे त्यांनी कृतीने दाखविले.

‘कमवा आणि शिका’ या पद्धतीत विद्यार्थी श्रम करून शिकत. त्यामुळे शिक्षण ही भिक्षा राहिली नाही आणि श्रमाला प्रतिष्ठा लाभली. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गुणवत्तेचा याहून बोलका पुरावा कोणता?

१९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन व पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी देऊन भाऊरावांचा गौरव केला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांना स्वतःला पदवीपर्यंत जाता आले नाही, त्यांचे नाव आज पदवीपत्रावर आहे!

आपणांपैकी अनेकांचा शाळा-महाविद्यालयांशी पालक, शिक्षक वा चालक या नात्याने संबंध आहे. आपल्या संस्थेची श्रेणी वाढावी, असे आपणां सर्वांस वाटते व ते योग्यच आहे. परंतु सर्वांत गरीब विद्यार्थी आपल्या वर्गात पोहोचतो का आणि त्याला शिकविणारा शिक्षक पुरेसा घडलेला आहे का, हे दोन प्रश्न आपण प्रथम स्वतःला विचारू या. कर्मवीरांचे खरे स्मरण तेच ठरेल.