हजरत उसामा बिन जैद (रजि.) : वर्णाहून श्रेष्ठ नाते

घरात मुलामुलींच्या विवाहाचा विषय निघाला की दीनदारीची चौकशी मागे पडते आणि वर्ण, वंश व बिरादरी यांचीच चर्चा अगोदर सुरू होते. अशा वेळी आपण हजरत उसामा (रजि.) यांचे जीवन अवश्य आठवावे.

हिजरतीपूर्वी सुमारे सात वर्षे मक्केत त्यांचा जन्म झाला. वडील हजरत जैद बिन हारिसा (रजि.) हे कल्ब कबिल्यातील अरब, बालपणी पळवले जाऊन गुलाम म्हणून विकले गेलेले व पुढे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मुक्त केलेले. आई हजरत उम्मे ऐमन (रजि.) हबशी वंशाच्या, त्यांनीच पैगंबरांचा (स.) बालपणी सांभाळ केला होता. जैद (रजि.) गोरे, तर उसामा (रजि.) काळ्या वर्णाचे. त्यामुळे लोक त्यांच्या वंशाविषयी शंका घेत. एकदा पितापुत्र चादर पांघरून निजले होते व दोघांचे पाय तेवढे उघडे होते. पाय पाहून नाते ओळखणाऱ्या एका जाणकाराने हे पाय एकमेकांचेच असल्याचे सांगितले, तेव्हा पैगंबरांचा (स.) चेहरा आनंदाने उजळला. तेच पैगंबर (स.) एका मांडीवर नातू हसन (रजि.) यांना आणि दुसऱ्या मांडीवर उसामांना बसवीत असत.

आता विवाहाचा प्रसंग पाहा. फातिमा बिन्ते कैस (रजि.) या कुरैश घराण्यातील, प्रारंभीच्या मुहाजिर स्त्रियांपैकी एक. तलाकनंतर त्यांची इद्दत पूर्ण झाली, तेव्हा मुआविया (रजि.) व अबू जहम (रजि.) या दोन कुरैशी पुरुषांनी त्यांना मागणी घातली. त्यांनी पैगंबरांचा (स.) सल्ला विचारला. पहिले निर्धन आहेत आणि दुसरे स्त्रियांशी कठोर वागतात, हे पैगंबरांनी (स.) स्पष्ट सांगितले व उसामांचे नाव सुचविले. फातिमांना (रजि.) ते प्रथम रुचले नाही. पैगंबरांनी (स.) पुन्हा तोच सल्ला दिला. त्यांनी तो मानला, आणि अल्लाहने त्या संसारात इतकी बरकत दिली की इतर स्त्रियांना त्यांचा हेवा वाटावा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पैगंबरांनी (स.) घराणे तोलले नाही, पत्नीचा सांभाळ कोण करील आणि तिच्याशी कोण भलाईने वागेल, एवढेच पाहिले. आणि निकाह झाला तो फातिमांच्या (रजि.) संमतीनेच.

हिजरी ११ (इ.स. ६३२) मध्ये वयाची विशीही न ओलांडलेल्या उसामांना सीरियाकडे निघणाऱ्या सैन्याचे नेतृत्व सोपविण्यात आले. काहींनी कुरकुर केली, पैगंबरांनी (स.) ती फेटाळली. त्यांच्या निधनानंतर खलीफा अबू बक्र (रजि.) घोड्यावर बसलेल्या उसामांना निरोप देण्यास स्वतः पायी चालले. पुढे खलीफा उमर (रजि.) यांनी त्यांना आपल्या पुत्राहून अधिक वेतन ठरवून दिले.

मातापित्यांनो, उद्या एखादा सदाचारी तरुण आपल्या दारी येईल. त्याचा वर्ण वा मूळ देश निराळा आहे म्हणून त्याला परत पाठविण्यापूर्वी, आपण उसामांनाच परत पाठवीत नाही ना, हे मनाला विचारा. आणि तरुणांनो, आपली पसंती प्रामाणिक असेल तर ती चोरून जपू नका. ती वडीलधाऱ्यांसमोर अदबीने मांडा, त्यांच्या शंका ऐका, आणि जोडीदार निवडताना चारित्र्य अगोदर पाहा. सूरह अल-हुजुरातने श्रेष्ठत्वाची एकच कसोटी ठेवली आहे, ती तकव्याची. अल्लाह आपल्या घरांना त्या कसोटीवर खरे उतरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.