लॉर्ड रॉबर्ट्सचे घराणे

सैनिकाचे चरित्र बहुधा लढायांच्या क्रमाने सांगितले जाते. फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स याचे चरित्र मात्र त्याच्या वंशवृक्षाच्या फांद्या धरून वाचले, तर काही निराळेच हाती लागते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील हा सेनानी. शौर्य हे जन्मावरून ठरते, असे मानणारा. त्याच्या या समजुतीची झळ आपल्या कोकणातील आणि देशावरील अनेक घरांना लागली, म्हणून हे घराणे आपण पाहावयास हवे.

रॉबर्ट्सचे वडील अब्राहम हे आयर्लंडमधील वॉटरफर्डचे. कंपनी सरकारच्या बंगाल लष्करात ते जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. इझाबेला हिच्याशी विवाह होण्यापूर्वी त्यांचा एका हिंदी स्त्रीशी संसार होता. त्या संसारातील मुलगा जॉन हा लखनौत ‘छोटे साहेब’ म्हणून ओळखला जाई आणि उर्दूत कविता करी. इझाबेलाच्या पोटी ३० सप्टेंबर १८३२ रोजी कानपूर येथे फ्रेडरिकचा जन्म झाला. एकाच बापाची ही दोन मुले. एक कवी झाला, दुसरा साम्राज्याचा सेनापती.

लहानपणीच्या दुखण्यात फ्रेडरिकच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. अंगयष्टीही लहानखुरी. तरीही १८५१ मध्ये तो बंगाल तोफखान्यात दाखल झाला आणि पेशावरला वडिलांच्याच हाताखाली काही काळ राहिला. १८५७ च्या उठावात तो दिल्लीच्या वेढ्यात होता. त्याच वर्षी लखनौवर चालून गेलेल्या फौजेतही तो होता. ज्या शहरात सावत्र भावाची कविता रुजली, त्याच शहरावर धाकट्याच्या तोफा! २ जानेवारी १८५८ रोजी खुदागंज येथे दाखविलेल्या धाडसाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१८५९ मध्ये वॉटरफर्ड येथे नोरा ब्यूज हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना सहा मुले झाली, पण तीन बालपणीच दगावली. एलीन, एडविना आणि वडिलांचेच नाव लाभलेला फ्रेडरिक एवढी तीनच वाढली. हा मुलगा १८७२ मध्ये अंबाल्याला जन्मला.

रॉबर्ट्सच्या कीर्तीचा कळस १८८० मधला. २७ जुलैला अफगाणिस्तानात मैवंद येथे मुंबई लष्कराच्या पलटणींसह इंग्रज फौजेचा मोड झाला. तेव्हा सुमारे १०,००० सैनिक घेऊन त्याने काबूल ते कंदाहार ही ३०० मैलांहून अधिक वाट तीन आठवड्यांत तुडविली आणि १ सप्टेंबरला विजय मिळविला. पुढे १८८५ ते १८९३ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता.

याच काळात ‘लढाऊ जाती’ची कल्पना लष्करात दृढ झाली. गुरखे, शीख, पठाण हेच खरे शिपाई. दक्षिणेकडच्या व पश्चिमेकडच्या लोकांतील लढाऊपणा ओसरला, असे रॉबर्ट्सचे मत होते. या धोरणाचा जनक तो एकटा नव्हे. पण त्याच्या शब्दाला वजन मोठे होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या १८१८ मधील लढाईच्या स्तंभावर ज्यांच्या माणसांची नावे कोरली आहेत, त्यांनाच लष्कराचे दार बंद झाले! निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध विनंतिपत्र लिहिले. लष्करात केवळ पगारच नव्हता. तेथे पोरांना शाळा होती, माणसाला मान होता. महूच्या छावणीतील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांचे चौदावे अपत्य भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी तेथेच जन्मले.

आता पुन्हा रॉबर्ट्सकडे वळू. १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सो येथे बोअरांच्या माऱ्यात अडकलेल्या तोफा सोडविताना तरुण फ्रेडरिक जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी वारला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. त्याच सुमारास वडिलांची त्या युद्धाचा सेनापती म्हणून नेमणूक झाली. सदुसष्ट वर्षांचा तो पिता दुःख गिळून आठवडाभरात बोटीत चढला.

१९०१ मध्ये त्याला अर्ल ही पदवी मिळाली. मुलगा नसल्याने ती मुलींकडे जावी, अशी खास तरतूद झाली. १४ नोव्हेंबर १९१४ रोजी, हिंदी पलटणींना भेटण्यास फ्रान्समध्ये गेला असता, तो सेंट ओमेर येथे न्यूमोनियाने वारला. त्याच्यामागून पदवी एलीनकडे, १९४४ मध्ये एडविनाकडे आली. एडविनाचा मुलगा १९४० मध्येच नॉर्वेच्या लढाईत पडला होता. १९५५ मध्ये तिच्याबरोबर पदवीही संपली.

पितापुत्रांचे दोन क्रॉस आणि रणात पडलेला नातू पाहून शौर्य रक्तातच असते, असे कुणी म्हणेल. पण त्याच रक्ताचा जॉन लखनौत शायर झाला होता. आणि ज्यांच्या रक्तात लढाऊपणा नाही असे ठरले, त्यांची १११ वी महार पलटण गरज पडताच १९१७ मध्ये उभी राहिली; गरज सरताच ती मोडली. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. त्यासाठी झटणाऱ्यांत सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अग्रभागी होते.

रॉबर्ट्सच्या वैयक्तिक शौर्याला उणे म्हणता येणार नाही, आणि पुत्रशोक पाहून मनही हेलावते. पण स्वतःच्या मुलाला जी संधी मिळाली, ती दुसऱ्यांच्या मुलांना केवळ जन्मामुळे नाकारण्याच्या धोरणाला त्याने बळ दिले. वंशवृक्ष माणूस कोठून आला एवढेच सांगतो. तो कोठवर जाईल, हे त्यावर लिहिलेले नसते.