कै. राम गणेश गडकरी : बाळकराम आणि गोविंदाग्रज

आमच्या घुग्घुसच्या खाणवस्तीत कोळशाची धूळ जशी घरोघर, तशी एके काळी नाटकाची हौसही घरोघर होती. गणेशोत्सवात ‘एकच प्याला’तील मद्यपींच्या मंडळाचा प्रवेश बसवावयाचा म्हटले, की तळीरामाच्या भूमिकेसाठी चुरस लागावयाची, सुधाकराची भूमिका मात्र मिनतवारीने कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागे. एकाच लेखणीतून तळीराम आणि पोटच्या पोराचा जीव घेणारा सुधाकर हे दोघेही उतरले, याचे नवल तेव्हा आम्हांस वाटले नाही. आता वाटते.

कै. राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, नवसारी भागात, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. पुण्यास येऊन त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण शिक्षण अर्धवट सोडले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकविण्याची नोकरी पत्करली. ‘प्रेमसंन्यास’ने त्यांना नाव मिळवून दिले. त्यातील विसराळू गोकुळ पाहून प्रेक्षक लोटपोट होत. पुढे १९१६ साली ‘पुण्यप्रभाव’ रंगभूमीवर आले. विनोदात त्यांनी गुरू मानले ते आपल्या विदर्भातील श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना.

गडकरी विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहीत आणि कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने. बाळकराम ठकीच्या लग्नाची खटपट सांगून वाचकांची पोटे दुखवी. गोविंदाग्रज ‘राजहंस माझा निजला’, ‘प्रेम आणि मरण’, ‘स्मशानातले गाणे’ लिही. संसारसुख गडकऱ्यांच्या वाट्यास फारसे आले नाही. त्यांच्या मनाला ग्रासणाऱ्या विषण्णतेस आजच्या वैद्यकाने कोणते नाव दिले असते, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु हसविणाऱ्यास दुःख कसले, असे आपण जे सहज म्हणतो, ते त्यांच्या कवितेची दोन पाने उलटली तरी खोटे ठरते. आमच्या घरोघरीही एखादा असा हसविणारा असतो. तो गप्प बसला, तर रुसला असेल असे समजून आपण आपल्या कामाला लागतो.

अशा माणसाबरोबर काम करणाऱ्यांचे काय होत असेल? नाटक मंडळी म्हणजे दीडदोनशे पानांचा रोजचा संसार. नवे नाटक लागले तर गावोगावची थिएटरे भरणार, न लागले तर कर्ज. सारी भिस्त लेखकाच्या मनावर. चिंतामणराव कोल्हटकर, दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. नव्या मंडळीस नाटक हवे होते. ‘भावबंधन’ लिहीत असलेल्या गडकऱ्यांस तोवर क्षयाने गाठले होते. नाटकाची निकड आणि मित्राच्या जिवाची काळजी, या दोहोंत चिंतामणरावांची काय ओढाताण झाली असेल! त्यांचे ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र १९५७ साली निघाले. ते प्रत्येक नाट्यप्रेमी कुटुंबाने वाचावे.

शेवटी गडकरी नागपूरजवळ सावनेरला आपल्या बंधूंच्या घरी राहिले. आमच्या ज्ञातिबांधवांपैकी जे खाणीतील बदलीने सावनेरला राहून आले, त्यांस ते गाव परके नाही. तेथेच, मृत्यू उशाशी असताना, ‘भावबंधन’ पुरे झाले. कामण्णा आणि धुंडिराज यांना घेऊन महाराष्ट्र पुढे किती वर्षे हसला! २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांनी देह ठेवला. वय अवघे तेहतीस. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ अपुरी राहिली.

त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. गडकरी स्वतः कवी, पण या नाटकाची पदे रचली ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी. ‘भावबंधन’ही १९१९ मध्येच लागले. दीनानाथ लतिका झाले आणि चिंतामणराव घनश्याम. घनश्याम हा मनात सूड बाळगणारा कुटिल पुरुष. त्याने हसावयाचे नसते. कामण्णाच्या प्रवेशाला प्रेक्षागृह हसू लागे, तेव्हा पडद्याआड आपल्या प्रवेशाची वाट पाहत चिंतामणराव उभे असत.