खोपोलीचे पाणी, मुंबईचा पैसा

बोरघाट उतरून खोपोलीत शिरताना डोंगराच्या अंगावरून सरळ खाली आलेले मोठाले लोखंडी नळ प्रवाशाच्या दृष्टीस पडतात. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत साठविलेले पावसाचे पाणी या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि खालापूर तालुक्यातील या गावी वीज निर्माण करते. पाहणाऱ्याला डोंगर दिसतो, पाणी दिसते, यंत्र दिसते. या साऱ्यामागचा पैसा मात्र दिसत नाही. तो उभा करणे हे धरण बांधण्याइतकेच अवघड काम होते. ते काम ज्यांच्या वाट्याला आले, त्या सर दोराबजी टाटांचे चरित्र म्हणजे दुसऱ्याला आपल्या कल्पनेवर विश्वास ठेवावयास कसे लावावे, याचा एक धडाच आहे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जमशेटजी हे कर्तबगार उद्योजक; पण त्यांनी मुलाला एकदम गादीवर बसविले नाही. केंब्रिजला दोन वर्षे काढून, तेथे अभ्यासापेक्षा खेळांत अधिक नाव मिळवून, दोराबजी १८७९ साली परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढची दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात उमेदवारी केली. नंतर वडिलांनी त्यांना फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीला धाडले. तेथे कापडगिरणी काढणे किफायतशीर होईल काय, याची पाहणी त्यांना करावयाची होती. त्यानंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी धंद्याचे शिक्षण घेतले. दुसऱ्यांपुढे योजना मांडण्याआधी ती स्वतः तपासण्याची सवय त्यांना लागली ती अशी.

पोलाद कारखान्याच्या वेळी या सवयीची कसोटी लागली. चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या शोधात दोराबजी भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड यांच्यासह हिंडले. तेथील साठे पुरेसे नाहीत असे तज्ज्ञाचे मत पडताच त्यांनी ते मुकाट्याने मान्य केले. नागपूरच्या सरकारी कचेरीत तसे कळवावयास गेले असता समोरच्या संग्रहालयात त्यांना एक भूस्तर-नकाशा दिसला, आणि त्यावरील द्रुग जिल्ह्याच्या खुणांनी शोधाला नवी दिशा मिळाली. गैरसोयीचे सत्य स्वीकारणाऱ्यालाच पुढची वाट सापडते, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

१९ मे १९०४ रोजी जमशेटजी निवर्तले. त्यांच्यामागे पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था अशा तीन मोठ्या योजना उरल्या. पोलादासाठी दोराबजी प्रथम लंडनच्या दारी गेले. तेथे पैशाचा बाजार मंदावला होता, आणि पैसे देऊ म्हणणाऱ्यांना कारभाराच्या नाड्याही हातात हव्या होत्या. निराश न होता त्यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच भागविक्री जाहीर केली. देशात स्वदेशीचे वारे वाहत होते. सुमारे तीन आठवड्यांत आठ हजारांच्या आसपास हिंदी भागधारकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे सर्व भांडवल भरून टाकले. लंडनच्या हिशेबी सावकाराला जी योजना जोखमीची वाटली, तीच येथील मध्यमवर्गाला आपली वाटली. मागणाऱ्याने कोणापुढे मागावे, हाही विद्येचाच भाग आहे.

विजेची गोष्ट मात्र वेगळी होती. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसापासून वीज करण्याची कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी जमशेटजींपुढे मांडली होती. दोराबजींना आता ती मुंबईच्या धनिकांच्या गळी उतरवावयाची होती. लंडनमध्ये येथेही डाळ शिजली नाही. पोलाद हाताला लागते. वीज ही त्या काळी बहुतेकांना ऐकीव वस्तू. शिवाय ज्यांनी भांडवल द्यावयाचे तेच गिरणीमालक तिचे गिऱ्हाईकही व्हावयाचे होते. त्यांची वाफेची यंत्रे चालू होती, बंगालचा कोळसा येत होता. पाऊस चार महिने पडतो, मग उरलेले आठ महिने गिरणी कशावर चालावी, ही त्यांची शंका रास्त होती.

या शंकेला उत्तर भाषणाने मिळण्यासारखे नव्हते. ते होते आकड्यांत आणि तलावांत. पाऊस किती पडतो, पाणी किती साठेल, ते कोठवर पुरेल आणि कोळशाच्या तुलनेने वीज कितीला पडेल, हे तज्ज्ञांकरवी मोजून पुढे ठेवावे लागले. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी योजनेची पाठराखण केली आणि संस्थानिक व व्यापारी पुढे आले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. एकदा विश्वास बसल्यावर पुढचा पैसा कमी कष्टाने आला. १९१६ मध्ये आंध्रा खोऱ्यासाठी दुसरी कंपनी निघाली, आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथून १९२२ मध्ये वीज मिळू लागली.

परंतु इतरांचा पैसा वापरणाऱ्याची खरी परीक्षा अडचणीच्या दिवसांत होते. पहिल्या महायुद्धानंतर पोलाद कारखाना डबघाईस आला. १९२४ साली दोराबजींनी एक कोटी रुपयांच्या कर्जासाठी आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचा विख्यात ज्युबिली हिराही त्यात होता. कारखाना वाचला. आठ हजारांना पैसे गुंतवा म्हणणाऱ्याने प्रसंग येताच स्वतःचे सर्वस्व पणाला लावले, याहून मोठी हमी कोणत्या पत्रकात देता येईल?

तरीही या चरित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. तिसरी योजना मुळशीची. तिच्या धरणाखाली मावळातील कित्येक गावे जाणार होती. १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी त्यात कारावास भोगला. १८९४ च्या कायद्याने सरकारने जमिनी संपादन केल्या, आणि धरण झाले. भांडवलदाराला नकार देण्याची मुभा होती, म्हणून त्याच्यापुढे हिशेब मांडले गेले, त्याच्या शंका फेडल्या गेल्या. मावळ्याला ती मुभा नव्हती. त्याचे शेत म्हणजे त्याचे सारे भांडवल. ते योजनेत गुंतले, पण भाग-दाखला त्याला मिळाला नाही. खाली कोकणातही ज्या खेड्यांवरून तारा मुंबईकडे गेल्या, त्यांतील बहुतेकांना दिव्यासाठी स्वातंत्र्यानंतरच्या काळाची वाट पाहावी लागली.

मेहेरबाई १९३१ मध्ये गेल्या. त्यानंतर दोराबजींनी आपली जवळजवळ सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीत देह ठेवला. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबईचे कर्करोग रुग्णालय त्याच निधीतून उभे राहिले.

आज नवा उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणाला धनिकांपुढे योजना कशी मांडावी हे शिकविणारे वर्ग निघाले आहेत. ते शिकावेच. पण दोराबजींचे आयुष्य सांगते की मांडणीपूर्वी तपासणी हवी, आणि मांडणीनंतर स्वतःच्या पदराला झळ सोसण्याची तयारी हवी. आणि मुळशी सांगते की ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याइतकेच, ज्याच्याकडे केवळ जमीन आहे त्याचेही समाधान करणे हे योजना मांडणाऱ्याचे कर्तव्य आहे. पहिला धडा आपल्या उद्योगांनी पुष्कळसा गिरविला. दुसरा अजून गिरवावयाचा आहे.