उंबरठ्याआतील न्याय

न्यायालयाचे दार सर्वांस उघडे असते, असे आपण सहज म्हणतो. पण जिला घराचा उंबरठाच ओलांडता येत नाही, तिने ते दार गाठावे कसे?

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पिता रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या; तरीही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांस नाकारण्यात आली. हितचिंतकांनी वर्गणी जमविली व त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र १९२२ मध्ये मिळाली. तीस वर्षे, वाचकहो!

१९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये होत्या. नावात कोर्ट असले तरी हे न्यायालय नव्हे. वारसांच्या जमीनजुमल्याची देखरेख करणारे ते सरकारी खाते. पडदानशीन विधवांस परपुरुष वकिलासमोर येता येत नसे. कारभारी सांगेल तेच खरे मानावे लागे. कॉर्नेलियाबाई थेट अंतःपुरात जात, गाऱ्हाणे ऐकत आणि ते सरकारदरबारी मांडत. अशा सुमारे सहाशे स्त्रिया व पोरक्या मुलांस त्यांचे साहाय्य लाभले.

स्वराज्याच्या चळवळीस त्यांनी विरोध केला, हेही सांगितलेच पाहिजे.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांस वकिली खुली झाली. १९२४ मध्ये त्या कलकत्त्यास वकिली करू लागल्या. परंतु तेथील पूर्वग्रहामुळे त्यांच्या वाट्यास बहुधा लेखी अभिप्राय तयार करण्याचेच काम आले. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९५४ मध्ये लंडन येथे निवर्तल्या.