विश्लेषण : जीवाश्म सापडले तिला, नाव झाले इतरांचे! मेरी ॲनिंग यांच्यासाठी भूविज्ञानाचे दार का उघडले नाही?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या छोट्या गावात २१ मे २०२२ रोजी एका स्त्रीचा पुतळा उभा राहिला. सोबत तिचा कुत्राही आहे. एका शाळकरी मुलीने सुरू केलेल्या मोहिमेतून आणि लोकवर्गणीतून हा पुतळा झाला. ही स्त्री म्हणजे मेरी ॲनिंग. इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर यांसारख्या नामशेष सागरी सरीसृपांचे सांगाडे त्यांनी कड्यांतून बाहेर काढले. मात्र ज्या संस्थेत या सांगाड्यांवर चर्चा झाली, तिथे त्यांना कधीच प्रवेश मिळाला नाही. असे का झाले आणि त्यांचे काम कोणाच्या पैशावर चालले, याचा हा आढावा…

मेरी ॲनिंग कोण होत्या?

मेरी यांचा जन्म २१ मे १७९९ रोजी लाइम रेजिसमध्ये झाला. वडील रिचर्ड सुतारकाम करत. घरात अनेक मुले जन्मली, पण मोठी झाली ती मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ ही दोनच. मेरी सव्वा वर्षाची असताना गावात वीज कोसळली. तिला घेऊन उभी असलेली बाई आणि आणखी दोघी जागीच दगावल्या, मेरी वाचली. हे कुटुंब इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथाचे होते. शिक्षण म्हणाल तर याच पंथाच्या रविवारच्या शाळेत जे लिहायला-वाचायला शिकता आले, तेवढेच.

जीवाश्म विकून घर कसे चालायचे?

लाइम रेजिसचे कडे चुनखडी आणि चिकणमातीच्या थरांचे आहेत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. पावसाळी हिवाळ्यात कडे ढासळतात आणि आतले जीवाश्म उघडे पडतात. ते लगेच उचलले नाहीत, तर भरतीचे पाणी घेऊन जाते. त्यामुळे हंगाम आणि धोका एकाच वेळी येतो. त्या काळी फ्रान्सशी युद्ध सुरू असल्याने श्रीमंत इंग्रज परदेशी जाण्याऐवजी देशातल्याच किनाऱ्यांवर येत. रिचर्ड त्यांना शंख-शिंपल्यांचे जीवाश्म विकत आणि मुलांनाही सोबत नेत.

१८१० मध्ये वडिलांचे निधन झाले. मागे राहिले सुमारे १२० पौंडांचे कर्ज. कुटुंबाला गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर काही वर्षे काढावी लागली. कड्यावर जाणे हा मुलांसाठी छंद नव्हता. त्यावरच चूल पेटत होती.

त्यांचे महत्त्वाचे शोध कोणते?

१८११ मध्ये जोसेफला एका अनोळखी प्राण्याची मोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी, वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास, मेरी यांनी उरलेला सांगाडा शोधला. तो सुमारे २३ पौंडांना विकला गेला. पुढे १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तोच सांगाडा सुमारे ४५ पौंडांना विकत घेतला. हा होता इक्थिओसॉर. सजीवांची एखादी जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. त्या वादात असे सांगाडे ठोस पुरावा ठरले.

डिसेंबर १८२३ मध्ये त्यांना प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब होती की फ्रान्सचे नामवंत शास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए यांना तो बनावट असल्याचा संशय आला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर चर्चा झाली आणि सांगाडा अस्सल ठरला. कुव्हिए यांनीही चूक मान्य केली. संशय खरा ठरला असता, तर ॲनिंग यांचा धंदाच बसला असता. १८२८ मध्ये त्यांना उडणाऱ्या सरीसृपाचा, म्हणजे टेरोसॉरचा सांगाडा सापडला. जर्मनीबाहेर मिळालेला हा त्या प्रकारचा पहिलाच.

केवळ शोधणे, की अभ्याससुद्धा?

ॲनिंग उसने मिळालेले शोधनिबंध हाताने उतरवून घेत, चित्रांसकट. हाडांची रचना कळावी म्हणून त्या मासे कापून पाहत. इक्थिओसॉरच्या पोटाच्या भागात सापडणाऱ्या विशिष्ट गोट्या फोडल्या, तर त्यात माशांची हाडे आणि खवले असतात, हे त्यांच्या लक्षात आले. या गोट्या म्हणजे जीवाश्म झालेली विष्ठा, असा निष्कर्ष ऑक्सफर्डचे विल्यम बकलँड यांनी पुढे मांडला. त्यांनी ॲनिंग यांच्या मदतीचा उल्लेख केला, हे विशेष. कारण तसे करणारे थोडेच होते.

मग श्रेय का मिळाले नाही?

तीन भिंती होत्या : स्त्री असणे, गरिबी आणि वेगळा पंथ. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीत स्त्रियांना सदस्यत्व नव्हते, पाहुणी म्हणूनही बसता येत नव्हते. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी स्त्रियांना मिळत नव्हती आणि अधिकृत चर्चबाहेरच्या पुरुषांनाही नाही. प्लेसिओसॉरवरील निबंध विल्यम कॉनिबेअर यांनी वाचला, त्यात ॲनिंग यांचे नाव नव्हते. संग्रहालयांत नाव लागे ते सांगाडा देणगी देणाऱ्याचे. त्यांच्या हयातीत त्यांच्या नावाने छापून आले ते फक्त १८३९ मधील एका पत्राचा उतारा. त्यातही त्यांनी एका तज्ज्ञाच्या दाव्यातील चूक दाखवली होती.

पैसा कुठून आला?

सांगाडे रोज सापडत नाहीत. एकदा वर्षभर काहीच हाती लागले नाही आणि घरातले सामान विकायची वेळ आली. तेव्हा संग्राहक लेफ्टनंट कर्नल थॉमस बर्च यांनी मे १८२० मध्ये आपल्या संग्रहाचा लंडनमध्ये लिलाव केला आणि जमलेले सुमारे ४०० पौंड या कुटुंबाला दिले. या संग्रहातील बरेच जीवाश्म त्यांनी ॲनिंग कुटुंबाकडूनच घेतले होते. १८३० मध्ये हेन्री डी ला बेश यांनी ॲनिंग यांच्या जीवाश्मांवर आधारित प्राचीन समुद्राचे चित्र काढले. त्याच्या प्रतींच्या विक्रीचे पैसे ॲनिंग यांना दिले गेले.

१८३३ मध्ये दरड कोसळून त्यांचा लाडका कुत्रा ट्रे गाडला गेला, त्या स्वतः थोडक्यात बचावल्या. पुढे गुंतवणुकीत बरीच बचत बुडाली. अखेर बकलँड यांच्या प्रयत्नांनी, ब्रिटिश असोसिएशन आणि सरकारच्या मदतीतून त्यांना वर्षाला २५ पौंडांचे मानधन सुरू झाले. विज्ञानातील कामासाठी त्यांना मिळालेला हा पहिला नियमित पैसा. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती.

दार कधी उघडले?

स्तनाच्या कर्करोगाने ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजारपणात सोसायटीच्या सदस्यांनी वर्गणी काढली. अध्यक्ष डी ला बेश यांनी सोसायटीत त्यांना श्रद्धांजली वाहिली. एखाद्या स्त्रीसाठी तिथे असे प्रथमच घडले. गावच्या चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकीही बसली. मात्र स्त्रियांना सदस्यत्व मिळायला १९१९ उजाडले, म्हणजे ॲनिंग यांच्यानंतर ७२ वर्षे.

आज त्यांचे सांगाडे लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. २०१० मध्ये रॉयल सोसायटीने विज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी दहा ब्रिटिश स्त्रियांत त्यांची गणना केली. मदत त्यांना मिळाली, पण ती नेहमी कुणाच्या तरी मर्जीने आणि संकट दारात आल्यावर. शिक्षणासाठी पैसा, संस्थेत जागा आणि निबंधावर नाव या तीन गोष्टी हक्काने मिळाल्या असत्या, तर कड्यावरच्या त्या मुलीने आणखी काय शोधले असते, याचा हिशेब कोणत्याही संग्रहालयात लागणार नाही.